बाकावर वाजणारी बोटे

१६ डिसेंबर २०२४, सोमवार. परिपाठाला मुले रांगेत उभी होती. उस्ताद झाकीर हुसेन यांच्याविषयी रात्रभर मोबाईलवर खरी-खोटी बातमी फिरत होती. सकाळी ती पक्की झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या इस्पितळात फुप्फुसाच्या आजाराने त्यांचे निधन झाले होते. मुख्याध्यापक आम्हाला म्हणाले, "सर, आपको मालूमात है. दो मिनट बोल दीजिए."

आम्ही बोललो. दोन मिनिटांची सात मिनिटे झाली. १९८८ चा पद्मश्री, २००२ चा पद्मभूषण, २०२३ चा पद्मविभूषण, २०२४ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत मिळालेले तीन ग्रॅमी पुरस्कार, सगळे सांगितले. शेवटी म्हणालो, "बच्चो, या माणसाच्या दहा बोटांनी देशाचे नाव जगभर नेले." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. आम्हीही खूश झालो.

पुढचा तास आठवीवर गणिताचा होता. वर्गात शिरलो, हजेरी घेतली आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर नजर गेली. बाक रिकामा होता. तुळशीचे लग्न होऊन महिना उलटला होता आणि तेव्हापासून तो रिकामाच होता. तो रिकामा होण्यात आमचाही हात होता, हे त्या क्षणापर्यंत आम्ही स्वतःशी कबूल केले नव्हते.

(वाचकांनी या 'आम्ही'ला हसू नये. घरात लहानपणापासून 'हम' म्हणायची सवय. मराठी लिहू लागलो तेव्हा 'मी' लेखणीतून उतरेना.)

त्या बाकावर बसणारा मुलगा बँडवाल्याचा. बाप ताशा वाजवतो. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, जिथून वरातीची सुपारी येईल तिथे त्यांचे पथक जाते. धानाच्या कापणीनंतर लग्नसराई सुरू झाली की या घराची चूल नीट पेटते. मुलगा हुशार की ढ, हे आम्हाला सांगता येणार नाही, कारण ते पाहायला आम्ही कधी थांबलोच नाही. आम्हाला दिसत एवढेच, की त्याचे हात गप्प बसत नाहीत. दोन रिकाम्या रिफिल घेऊन तो बाकावर काहीतरी वाजवत असे. फळ्याकडे पाठ वळली की सुरू. आम्ही दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून तासभर बसायला लावले आणि वर म्हणालो, "बाजा ही बजाना है तो बाप के साथ जा, स्कूल क्यों आता है?"

वर्ग हसला. काही दिवसांनी तो खरोखरच बापाबरोबर गेला.

ज्या बोटांची आम्ही परिपाठात स्तुती केली, त्याच जातीची बोटे आम्ही मांडीखाली दाबायला लावली होती. त्या दिवशी गणित काय शिकवले, ते आम्हाला आठवत नाही.

झाकीर हुसेन यांची आमची ओळख टीव्हीवरच्या चहाच्या जाहिरातीतून झाली, तशी ती आमच्या पिढीतल्या सर्वांचीच झाली. पण खरी ओळख आमच्या चाचांनी करून दिली. चाचा दिवसा पितळी भांड्यांच्या कारखान्यात ठोकाईचे काम करीत. भंडारा म्हणजे पितळेचे गाव. त्या ठोकण्यालाही एक लय असते, हे कारखान्याजवळ राहिलेल्यांना ठाऊक आहे. रात्री उरुस असला की चाचा कव्वाल पार्टीत ढोलक घेऊन बसत. २००१ च्या सुमारास ते नागपूरला गेले आणि सीताबर्डीहून एक कॅसेट घेऊन आले. झाकीर हुसेन यांच्या नावावर भुलून घेतलेली. तबलावादन ऐकायला मिळेल म्हणून टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर आतून गिटार निघाली!

ती 'रिमेंबर शक्ती' या पथकाची 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' होती. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलीची. इंग्रज माणसाची गिटार, मद्रासकडच्या यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन, सेल्वागणेश यांची खंजिरी, शंकर महादेवन यांचा आवाज, शिवकुमार शर्मांचे संतूर आणि या सगळ्यांच्या मधोमध तबला. चाचा पहिल्यांदा वैतागले. मग दुसऱ्यांदा ऐकली. मग रोज. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. चाचा आम्हाला जवळ बसवून म्हणत, "सुन, कोई किसी को दबाता नहीं. सब अपनी-अपनी जबान में बोलते और झगडा नहीं होता."

२००४ मध्ये आमच्या आपांच्या रिश्त्याची बोलणी चालू झाली. मुलाकडचे प्रतिष्ठित. त्यांच्याकडून विचारणा आली, घरात कोणी गाणे-बजावणे करते काय? दादाजींनी चाचांना काही म्हटले नाही. फक्त ढोलक माळ्यावर टाकायला सांगितली. ती शिडीवर चढून माळ्यावर ठेवली ती आम्हीच. आम्हाला तेव्हा वाईटही वाटले नाही. उलट बरे वाटले होते, कारण शाळेत मुले आम्हाला 'ढोलकवाले का भतीजा' म्हणत. गाणे-बजावणे जायज की नाजायज, हा आलिमांचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात दीनाचा प्रश्न नव्हताच. प्रश्न इज्जतीचा होता, आणि दोन्हींतला फरक कळायला आम्हाला वीस वर्षे लागली.

'रिमेंबर शक्ती' म्हणजे 'शक्तीची आठवण ठेवा'. मग ती मूळची शक्ती कोणती? हे आम्हाला फार उशिरा, बी.एड. होऊन नोकरी लागल्यावर, हातात मोबाईल आल्यावर कळले.

अमेरिकेत काळ्या लोकांनी घडवलेले जॅझ नावाचे संगीत आहे. त्यात कलावंत आपल्या गवय्यासारखा जागच्या जागी विस्तार करतो. साठचे दशक संपता संपता काही जॅझवाल्यांनी त्यात विजेची वाद्ये आणि रॉकचा जोर मिसळला. अमेरिका, इंग्लंड, अगदी ऑस्ट्रेलियापर्यंत अशी पथके निघाली. जॉन मॅक्लॉफलिन हा त्यातला पहिल्या रांगेतला गिटारवाला. १९४२ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये जन्मलेला, आई व्हायोलिन वाजवणारी. मायल्स डेव्हिस या थोर ट्रम्पेटवादकाच्या रेकॉर्डवर तो वाजला, आणि १९७१ मध्ये त्याने स्वतःचे 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढले. 'महाविष्णू' हे नाव त्याला त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी दिलेले. या पथकाचा आवाज प्रचंड आणि वेग त्याहून प्रचंड. नाव झाले, पैसा आला, सभागृहे भरू लागली.

असा माणूस ऐन भरात काय करतो? तो विद्यार्थी होतो. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकायला बसतो. व्हायोलिनवादक एल. शंकरही त्याच विद्यापीठातले. तबल्यावर होते झाकीर हुसेन, जे १९७० मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या जागी रविशंकर यांना साथ करायला अमेरिकेत गेले होते. घटम वाजवायला विक्कू विनायकराम आणि सुरुवातीला मृदंगम वाजवायला आर. राघवन. पथकाचे नाव 'शक्ती'.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील साउथहॅम्प्टन कॉलेजात या मंडळींची मैफल झाली आणि तीच त्यांची पहिली रेकॉर्ड झाली. १९७६ मध्ये ती बाजारात आली. तिच्यात तीनच रचना आहेत. एक सुमारे अठरा मिनिटांची, एक सुमारे एकोणतीस मिनिटांची आणि एक लहानशी. त्या मैफलींची छायाचित्रे पाहावीत. कालपर्यंत उभे राहून विजेची गिटार वाजवणारा इंग्रज मांडी घालून जमिनीवर बसला आहे. त्याच्या मांडीवर साधी लाकडी गिटार आहे, पण तिच्यावर एक करामत आहे. नेहमीच्या सहा तारांखाली तिरप्या अशा सात तारा जोडल्या आहेत, आपल्या सतारीच्या तरफेसारख्या झंकारणाऱ्या. पडद्यांच्या मधले लाकूड कोरून खोलगट केले आहे, म्हणजे तार दाबून वीणेसारखी मींड काढता यावी. तो दुसऱ्यांच्या घरी गेला तर आपले वाद्य टाकून गेला नाही. वाद्य तेच ठेवले आणि त्याला त्या घरची जबान शिकवली.

आणि घटम! घटम म्हणजे मातीचा घडा. तमिळनाडूतल्या मानामदुराईचे घडे यासाठी नावाजलेले. विक्कू विनायकराम तो पोटाशी धरत आणि बोटे, तळवे, मनगट, नखे, सगळ्यांनी वाजवत. आमच्याकडे उन्हाळ्यात कुंभाराच्या दारात घडा विकत घेताना टिचकी मारून पाहतात. त्या टिचकीपासून अमेरिकेच्या रंगमंचापर्यंत किती लांबचा रस्ता आहे, पण आहे एकच.

उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम यांची शिस्त वेगवेगळी. इकडे तीनतालाच्या सोळा मात्रा, धा धिं धिं धा. तिकडे आदितालाच्या आठ, आणि बोलांचे उच्चार निराळे. एकाच देशातले हे दोन वादक एकमेकांची भाषा जवळजवळ न शिकता म्हातारे होत. शक्तीत ते शेजारी बसले. एकाने वाक्य टाकावे, दुसऱ्याने ते आपल्या भाषेत परत द्यावे आणि शेवटी तिहाई घेऊन दोघांनी एकाच ठिकाणी यावे. आमचे चाचा म्हणत ते हेच.

यांना हे शिकवले कोणी? शंकर यांचे वडील व्हायोलिनवादक, व्ही. लक्ष्मीनारायण. विनायकराम यांचे वडील हरिहर शर्मा तालवाद्यांचे शिक्षक. झाकीर यांचे वडील अल्लारखा, पंजाब घराण्याचे. सगळ्यांची पहिली शाळा घरात, बापाच्या समोर.

झाकीर हुसेन आपल्या जन्माचा किस्सा मुलाखतींत सांगत. आपल्या घरांत बाळाच्या कानात पहिली अजान पडते. अल्लारखांनी बाळ हातात घेतले आणि कानात तबल्याचे बोल म्हटले. बीवी नाराज झाली. ते म्हणाले, हीच माझी दुआ आहे. हा किस्सा वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडेल, कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल. आम्ही दोन्ही पाहिले आहे. पण त्यांचा दुसरा किस्साही ऐकावा. माहीमच्या घरी पहाटे तीन वाजता अब्बा उठवत, सहापर्यंत तालीम चाले, मग हे लेकरू मदरशात कुरआन पढायला जाई, तिथून सेंट मायकेल शाळेकडे, तिथल्या चर्चमध्ये प्रार्थना ऐकून वर्गात. त्याला कोणी विचारले नाही की बाबा, यातले तुझे खरे कोणते? म्हणून त्याला कधी निवडावेही लागले नाही.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. प्रत्येक सभेत आम्ही एक गोष्ट सांगतो : मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकवा, घरची भाषा हिसकावली तर मूल मुके होते. बी.एड.च्या पेपरात हेच लिहून आम्ही मार्क मिळवले. मग त्या ताशेवाल्याच्या मुलाच्या घरची भाषा कोणती? उर्दू तर आहेच. पण त्याच्या घरात जी पहिली ऐकू आली, ती ताशाची भाषा. ती आम्ही त्याच्या मांडीखाली दाबून ठेवली.

शक्तीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे, कारण शाळेत आम्ही फक्त यशाच्या गोष्टी सांगतो. 'ए हँडफुल ऑफ ब्यूटी' ही दुसरी रेकॉर्ड १९७६ ची, 'नॅचरल एलिमेंट्स' ही तिसरी १९७७ ची. बस्स, तीनच. लोकांना मॅक्लॉफलिनकडून विजेची गिटार हवी होती. त्याने चटईवर बसून वाजवलेले हे संगीत थोड्यांनाच भावले. १९७८ मध्ये पथक मोडले. त्याच वर्षी मॅक्लॉफलिनची जी रेकॉर्ड आली तिचे नावच मुळी 'इलेक्ट्रिक गिटारिस्ट'! त्या वर्षी कोणी निकालपत्रक काढले असते, तर त्यावर लाल शाईने 'नापास' लिहिले असते. आम्हीही लिहिले असते.

पण नाते तुटले नाही. १९९७ मध्ये मंडळी पुन्हा जमली, 'रिमेंबर शक्ती' नावाने. त्यातूनच चाचांची कॅसेट आली. विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश बसू लागला. पुन्हा बापाचे वाद्य मुलाच्या हातात. ३ फेब्रुवारी २००० रोजी अल्लारखा गेले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास गेले, वय अवघे ४५. मग २०२० मध्ये पुन्हा शक्ती उभी राहिली. मॅक्लॉफलिन, झाकीर, शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. करोनाने माणसे आपापल्या घरी कोंडली होती, तेव्हा जो तो आपल्या ठिकाणी वाजवून दुसऱ्याला पाठवत होता. त्यातून 'धिस मोमेंट' ही ध्वनिमुद्रिका २०२३ मध्ये आली. मॅक्लॉफलिन तेव्हा ८१ वर्षांचा होता. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजलिसमध्ये तिला ग्रॅमी मिळाला. अल्लारखांच्या बरसीचा दुसरा दिवस. १९७७ नंतर स्टुडिओत केलेली शक्तीची ही पहिलीच ध्वनिमुद्रिका, मध्ये सेहेचाळीस वर्षे गेली होती. त्यानंतर झाकीर हुसेन यांच्या हाती दहा महिने उरले होते.

सेहेचाळीस वर्षांनी लागणारा निकाल कोणत्या शाळेच्या दप्तरात बसतो?

त्या सोमवारनंतरच्या शुक्रवारी, नमाज आटोपून आम्ही मुलाच्या घरी गेलो. बाप आणि मुलगा वरातीला गेले होते. आई दारात आली, डोक्यावर पदर घेतला आणि घाबरून म्हणाली, "सर, नाम काट दिए क्या?" शिक्षक दारात आला म्हणजे नाव कापायलाच आला, असे तिला वाटले. आम्ही म्हणालो, "नहीं भाभी, हमारी गलती थी. उसको भेजो." तिने चहा केला. भिंतीवर खिळ्याला एक छोटा ताशा टांगला होता, मुलाचा. त्याच्या पत्र्याला कोणीतरी प्रेमाने घासून चकाकी आणली होती.

मुलगा नाताळच्या सुट्टीनंतर आला. मान खाली, हात खिशात. आम्ही त्याला फळ्याजवळ बोलावले. तो समजला, पुन्हा शिक्षा. आम्ही म्हणालो, "डाव्या हाताने तीन-तीनचा ठेका धर, उजव्याने चार-चारचा. दोन्ही हात एकदम कुठे पडतात ते सांग." त्याने आमच्याकडे पाहिले, वर्गाकडे पाहिले, मग टेबलावर वाजवले. दोन फेऱ्या वाजवून म्हणाला, "सर, हर बारा के बाद मिलते."

आम्ही फळ्यावर लिहिले, तीन आणि चारचा लसावि बारा. उर्दूच्या पुस्तकात या लसाविला असे लांबलचक नाव आहे की मुलांची जीभ अडते. त्या दिवशी कोणाची अडली नाही. सबंध वर्ग बाक वाजवत होता. शेजारच्या वर्गावरच्या बाई पाहायला आल्या, काय गोंधळ चालला आहे म्हणून. एका मुलाने विचारले, "सर, सात और सोला का?" तिसऱ्या बाकावरून उत्तर आले नाही, तो बोटांवर हिशेब करीत होता. तास संपल्यावर दारात गाठून म्हणाला, "एकशे बारा, सर. बजाने में हाथ दुखेंगे."

तो आता नववीत आहे. फार बदल झाला, असे आम्ही म्हणणार नाही. गणितात काठावर पास झाला, इंग्रजीत अजून गोंधळ आहे. लग्नसराईत त्याला जावे लागते, कारण ताशाला दोन हात कमी पडले तर सुपारी जाते. जो दिवस बुडेल त्याचा अभ्यास तो संध्याकाळी आमच्या घरी येऊन करतो. पुढे तो काय होईल, आम्हाला माहीत नाही. सगळे झाकीर हुसेन होत नाहीत, व्हायची गरजही नाही. त्याने बापाच्या वाद्याची लाज बाळगू नये, एवढे आमच्या हातात आहे.

चाचा आता सत्तरीचे आहेत. हात थरथरतात. मागच्या महिन्यात आम्ही शिडी लावली आणि माळ्यावरून ढोलक उतरवली. वीस वर्षांची धूळ, एक पुडी उंदरांनी कुरतडलेली, दुसरी सुकून फाटलेली. आम्हाला वाटले, चाचा रागावतील किंवा रडतील. त्यांनी ढोलक मांडीवर घेतली, ओल्या फडक्याने पुसली, खोडावर बोटांनी टकटक करून कान लावला आणि म्हणाले, "लकडी अच्छी है. पुडी बदल जाएगी."

नागपूरला पुडी बसवायला किती पैसे लागतात, याची आम्ही चौकशी करतो आहोत.